विकायचं घर सगळ्यांना पाहू द्या

सोलापुरात घर पाहण्याची एक ठरलेली पद्धत आहे. एजंटचा फोन येतो, "रविवारी अकराला या, मालक घरीच आहेत." नवरा-बायको, जमलं तर एखादा जाणता नातेवाईक असे आपण जातो. चपला बाहेर काढतो, हॉलमध्ये बसतो, पाणी येतं, चहा येतो. मग मालक पुढे आणि आपण मागे अशी एक फेरी होते. हा हॉल, हे किचन, ही बेडरूम, इथून वारा छान येतो. पंधरा मिनिटांत आपण परत जिन्यात असतो आणि खाली पोचेपर्यंत एजंट विचारतो, "मग, विसार कधी देताय?" आयुष्याची पुंजी आणि वर वीस वर्षांचे हप्ते ज्यात जाणार, ते घर बघायला एवढाच वेळ मिळतो. मालदांडी ज्वारीचं पोतं घेताना आपण दाणे तळहातावर घेतो, एखादा दाताखाली धरून बघतो. घर मात्र सोफ्यावर बसून घेतो.

माझं म्हणणं सरळ आहे. विकायला काढलेलं घर ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या तासांत, येईल त्या माणसाला आतून निवांत पाहता आलं पाहिजे. घराची कागदपत्रं त्याच वेळी तिथेच समोर असली पाहिजेत. आणि दारात कुणाला आडनाव विचारलं जाता कामा नये. बिल्डरांनी, एजंटांनी, सोसायट्यांनी आणि घर विकणाऱ्या साध्या कुटुंबांनीही ही रीत लावून घ्यावी. घेणाऱ्यांनी ती मागून घ्यावी.

अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात 'ओपन हाउस'ची रीत जुनी आहे. रस्त्याच्या कोपऱ्यावर पाटी लागते, सुट्टीच्या दिवशी काही वेळ दार उघडं असतं, मालक बहुधा त्या वेळात घराबाहेर जातात आणि येणारा नळ सोडून, खिडक्या उघडून, माळ्यावर डोकावून बघतो. तिथल्या एजंटांना त्यात स्वतःचाही फायदा असतो, आलेल्या लोकांतून त्यांना नवी गिऱ्हाइकं मिळतात. भिंती रंगवून, फुलं ठेवून घर सजवणं तिथेही चालतंच. तरी दोन गोष्टी मला मोलाच्या वाटतात. मालक समोर नसल्यामुळे बघणाऱ्याला संकोच वाटत नाही. दुसरं म्हणजे कुणाच्याही ओळखीशिवाय आत जाता येतं. ऑगस्ट २०२४ पासून अमेरिकेत एजंटबरोबर घरं बघायला निघण्याआधी सहसा लेखी करार करावा लागतो, पण ओपन हाउसला नुसतं बघायला आलेल्या माणसाला तो करार लागत नाही. बघणाऱ्याला आधी बांधून घ्यायचं नाही, हे तिथे पाळलं जातं.

आपल्याकडे संकोच किती आड येतो, ते मी जवळून पाहिलं आहे. नात्यातल्या आणि ओळखीतल्या लोकांबरोबर घरं बघायला मी नेहमी जाते. विजापूर रोडच्या बाजूला तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट मावसबहिणीला दाखवायला एजंटने बोलावलं होतं. माणसं फार चांगली. मालकांच्या आई म्हणाल्या, "चहा घेतल्याबिगर जायचं नाही बघा." चहा, खारी, चौकश्या झाल्या. आतल्या बेडरूममध्ये तीन भिंती जुन्या पिवळसर रंगाच्या आणि चौथी ताज्या रंगाची होती, बाकीच्यांपेक्षा किंचित उजळ. त्या भिंतीला लागून लोखंडी कपाट आणि कपाटाच्या बाजूला गाद्यांची चळत. भिंतीच्या पलीकडे बाथरूम. बहिणीची नजर तिथेच अडकली होती, पण हातात त्यांच्या घरची कपबशी असताना "कपाट जरा सरकवता का?" असं म्हणायचं कसं? आम्ही निघालो. जिन्यात ती म्हणाली, "त्या कपाटामागं काहीतरी आहे गं." पुढच्या आठवड्यात आग्रह धरून पुन्हा गेलो, कपाट सरकवायला लावलं. गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत ओल चढलेली, गिलाव्याचे पोपडे सुटलेले. मालक खोटं काही बोलले नव्हते, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. बाथरूमची दुरुस्ती धरून किंमत कमी झाली आणि व्यवहार झाला. दोन्ही घरांचं आजही येणं-जाणं आहे.

इथे कायदा काय म्हणतो, हे घर घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. जुनं घर, म्हणजे एका कुटुंबाने दुसऱ्याला विकलेला रीसेलचा फ्लॅट, सहसा 'रेरा'च्या, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याच्या, कक्षेत येत नाही. तिथे आधार आहे तो १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ चा. घरातला किंवा मालकी हक्कातला मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक असेल तर त्याने तो घेणाऱ्याला सांगितला पाहिजे, असं हे कलम सांगतं. पण त्याला एक अट जोडलेली आहे. दोष असा हवा की घेणाऱ्याला तो माहीत नाही आणि साधारण काळजी घेऊन तो त्याच्या लक्षातही आला नसता. जे बघितलं असतं तर दिसलं असतं, त्याची जबाबदारी घेणाऱ्याच्या अंगावर येऊ शकते. कपाटामागची ओल 'साधारण काळजी घेऊन' दिसली असती की नाही, यावर वकील वर्षानुवर्षं भांडू शकतात. कायदा असा असताना घर पंधरा मिनिटांत आणि संकोचात दाखवण्याची रीत सगळं ओझं घेणाऱ्याच्या डोक्यावर टाकते. याच कलमात विकणाऱ्याची आणखी दोन कर्तव्यं आहेत. घेणाऱ्याने मागितल्यावर आपल्याकडचे मालकीचे दस्त तपासायला द्यायचे, आणि घराविषयीच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. प्रश्न विचारणं उद्धटपणाचं नाही, कायद्याने ते धरूनच चाललेलं आहे.

दुसऱ्या शहरांपेक्षा सोलापुरात ही गोष्ट जास्त निकडीची आहे, कारण इथलं घर कसं आहे हे रविवारी सकाळी अकराला कळतच नाही.

पहिली गोष्ट पाणी. उजनी धरण, टाकळीजवळ भीमा आणि हिप्परगा तलाव अशा तीन ठिकाणांहून शहराला पाणी येतं, आणि तरी सोलापूरकराने वर्षानुवर्षं कधी तीन, कधी चार, कधी पाच दिवसांआड पाणी भरलं आहे. आपल्या घरांचं सगळं नियोजन त्या एका दिवसाभोवती फिरतं. म्हणून घर बघायचं तर पाणी सुटायच्या आदल्या दिवशी बघावं. त्या दिवशी हौदाचं झाकण उघडलं की खरं कळतं. हौदात किती पाणी उरलंय, वरच्या मजल्यावरच्या नळाला धार आहे की नुसती करंगळीएवढी गळती, बोअर चालतो की मार्चपासून हवा ओढतो. मार्च ते जून टँकर किती आले आणि प्रत्येक घराला त्याचा किती पैसा पडला, हे सोसायटीच्या वहीत लिहिलेलं असतं, विचारणारा भेटत नाही. हद्दवाढ भागात ड्रेनेजची लाईन आहे की सेप्टिक टँक, आणि टँक शेवटचा कधी उपसला, हाही प्रश्न असाच राहून जातो. एजंट सहसा नवऱ्याशी बोलतो, गाडी कुठे लागेल ते दाखवतो. हौदात, गच्चीवरच्या टाकीत आणि धुण्याच्या जागेत ज्यांचा दिवस जातो त्या बायकांशी त्याचं बोलणं "किचन मोठं आहे बघा वहिनी" यापुढे जात नाही. हे बदललं पाहिजे.

दुसरी गोष्ट ऊन. आपल्याकडे घरं बघितली जातात दसरा-दिवाळीला, फार तर थंडीत. हवा गोड असते, वारा असतो, पश्चिमेची बाल्कनी फार आवडते. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर गेला की त्याच बाल्कनीकडची खोली दुपारी तीन ते रात्री दहा वापरता येत नाही. वरच्या मजल्यावरचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत तापलेला असतो. घर घेणाऱ्याला हे पहिल्या उन्हाळ्यात, तीन-चार हप्ते भरून झाल्यावर कळतं. मी पाहिलेल्या सॅम्पल फ्लॅटमध्ये एसी चालू होता, पडदे ओढलेले होते आणि बाहेर पडल्यावर थंड ताक होतं. त्यांचा पाहुणचार मला आवडला, पण मला तिथे एसी बंद करून अर्धा तास बसायचं होतं. घर दाखवण्याच्या तासांत एप्रिल-मे मधली दुपारची दोन ते चार ही वेळ असलीच पाहिजे. चार वाजता पश्चिमेच्या भिंतीवर आतून हात ठेवून बघण्याइतकी सोपी परीक्षा दुसरी नाही.

तिसरी काळी माती. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. पाया मुरमापर्यंत, कठीण थरापर्यंत नेला नसेल तर इमारत तिच्याबरोबर हलते, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते, दारं पावसाळ्यात अडकायला लागतात. गिलाव्याला गेलेली केसासारखी रेघ आणि पायाने सोडलेली ही तिरकी भेग यांतला फरक एका नजरेत कळायचा नाही. त्यासाठी बरोबर एखादा सिव्हिल इंजिनिअर लागतो, आणि इंजिनिअरला घेऊन दुसऱ्यांदा यायची मुभा लागते. आत्ताच्या रीतीत दुसऱ्यांदा येतो म्हटलं की एजंटचा चेहरा बदलतो.

नव्या बांधकामाला कायद्याचं संरक्षण जास्त आहे. २०१६ च्या रेरा कायद्याचं कलम १२ जाहिरातीबरोबर नमुन्याच्या घराचाही उल्लेख करतं. सॅम्पल फ्लॅटवर किंवा जाहिरातीवर विसंबून पैसे भरले आणि त्यातली माहिती खोटी निघून नुकसान झालं तर भरपाई मागता येते, व्यवहारातून बाहेर पडायचं असेल तर व्याजासह पैसे परत मागता येतात. नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. ताबा घेतल्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर तो बिल्डरने दुरुस्त करून द्यायचा असतो. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाने, प्रकल्पाच्या जाहिरातीवर क्यूआर कोड सक्तीचा केला, तो मोबाईलने टिपला की प्रकल्पाची नोंद उघडते. सॅम्पल फ्लॅटमध्ये उभं राहून आपण बेडच्या मागच्या भिंतीचा फोटो काढतो. त्याऐवजी टेप लावून खोल्या मोजा आणि मंजूर नकाशाशी ताडून बघा. मांडलेलं फर्निचर नेहमीच्या मापाचं आहे का तेही मोजा, खोलीला दारं बसवलीत का बघा. कार्पेट क्षेत्र, म्हणजे घराच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा किती, एवढंच विचारा, बिल्टअप आणि सुपर बिल्टअपचे आकडे ऐकूच नका.

पण सोलापुरातल्या कितीतरी लोकांना यातलं काहीच लागू होत नाही. ज्या प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरहून जास्त नाही किंवा जिथे आठाहून जास्त घरं नाहीत, त्याला रेराच्या नोंदणीची सक्ती नाही. आपल्या गल्लोगल्ली उभ्या राहिलेल्या तीन मजली, सहा फ्लॅटच्या इमारती आठवा. भावाभावांनी जुना वाडा पाडून बांधलेल्या, खाली दोन गाळे आणि वर घरं. त्यांना क्यूआर कोड नाही, सॅम्पल फ्लॅट नाही, नमुन्याचा करार नाही. तिथे घेणाऱ्याकडे स्वतःचे डोळे आणि समोर आलेली कागदं एवढंच साधन आहे. म्हणून या लहान घरांच्या बाजाराला उघड्या दाराची गरज मोठ्या प्रकल्पांपेक्षा जास्त आहे.

आता कागदांचं. आज क्रम उलटा आहे. आधी घर बघायचं, मग मन बसतं, मग विसार, मग साठेखताच्या, म्हणजे विक्रीचा करार करण्याच्या, वेळी वकील म्हणतो की वापर परवाना, म्हणजे इमारत राहायला वापरण्याची परवानगी, दिसत नाही. तोवर पोरांनी खोल्या वाटून घेतलेल्या असतात आणि आईने देवघराची जागा ठरवलेली असते. अशा वेळी माणूस म्हणतो, "बघू, होईल काहीतरी." ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात विक्रीच्या कराराचा मसुदा तयार असल्याशिवाय राहतं घर विक्रीला काढताच येत नाही. तो मसुदा बघायला मागता येतो. आपण एवढं तरी करावं की घर दाखवायच्या दिवशी टेबलावर एक फाइल उघडी असेल. तिच्यात बांधकाम परवाना आणि मंजूर नकाशा, वापर परवाना, सिटी सर्व्हेचा किंवा सात-बाराचा उतारा, इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा), मिळकत कराची आणि पाणीपट्टीची ताजी पावती, बँकेचा बोजा असेल तर त्याचं पत्र. झेरॉक्स चालतील. बघणारा दहा मिनिटं बसून वाचेल, फोटो काढून वकिलाला पाठवेल.

हे सोलापुरात का महत्त्वाचं आहे ते जुनी माणसं सांगतील. १९९२ मध्ये शहराची हद्द वाढली, आजूबाजूची गावं महापालिकेत आली. शेतं गुंठ्या-गुंठ्याने विकली गेली, त्यांवर घरं उभी राहिली, माणसं दोन-दोन पिढ्या राहिली. २००१ मध्ये राज्याने गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला, २०२१ मध्ये तो वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला संधी दिली. आजही एखाद्या छान, टाइल्स लावलेल्या घराच्या मागे नियमित न झालेला प्लॉट असू शकतो, सात-बारावर पाच नावं असू शकतात. घर नुसतं उभं आहे म्हणजे त्याचे कागद पक्के आहेत असं होत नाही. होटगी रोडवरची साखर कारखान्याची उंच चिमणी परवानगीच्या आणि विमानतळाच्या अडथळ्याच्या लांबलेल्या वादानंतर १५ जून २०२३ रोजी पाडली गेली, तेव्हा हे अख्ख्या शहराने डोळ्यांनी पाहिलं.

मला सर्वांत जास्त जे बोलायचं आहे ते आडनावाबद्दल. उघड्या दाराची रीत हवी याचं माझं सगळ्यात मोठं कारण तेच आहे. घराची जाहिरात वाचून फोन केला की दुसरा नाहीतर तिसरा प्रश्न असतो, "नाव काय म्हणालात? आडनाव?" मग थोडी शांतता आणि "ते बुकिंग झालंय ओ." माझी एक सहकारी शिक्षिका आहे, पगार चांगला, बँकेचं कर्ज मंजूर. तिला एका आठवड्यात चार ठिकाणी घर 'गेलेलं' होतं. त्यांपैकी एका घरासाठी दुसऱ्या दिवशी मी माझ्या आडनावाने फोन केला, तर "या की, कधी येताय?" असं उत्तर मिळालं. ती मुसलमान आहे. असेच फोन मी दलित कुटुंबांबद्दल ऐकले आहेत, मांसाहारी म्हणून नाकारलेल्यांबद्दल ऐकले आहेत, आणि एकट्या राहणाऱ्या, नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या बायकांबद्दल तर नेहमीच. पूर्व भागातल्या तेलुगू भाषक विणकर घरातल्या मुलाला "तुमचे लोक तिकडेच बरे" असं तोंडावर सांगितलेलं आहे. ही मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या माणसांनी गिरण्या आणि माग चालवून वाढवलेली नगरी आहे. स्वातंत्र्यलढ्यातले सोलापूरचे हुतात्मे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात एकाच दिवशी फाशी झाली, आणि त्या चौघांच्या पुतळ्यांसमोरून आपण रोज जातो. त्यांच्यातल्या निम्म्यांना आज काही सोसायट्यांत फ्लॅट बघायलाही मिळाला नसता, हे मी रागाने आणि दुःखाने लिहिते आहे.

कायदा इथे दुबळा आहे. अमेरिकेने १९६८ मध्येच घराच्या विक्रीत आणि भाड्यात वंश, रंग, धर्म यांवरून भेदभाव करायला बंदी करणारा कायदा केला. आपल्याकडे खासगी घरविक्रीसाठी तसा स्वतंत्र कायदा नाही. आपल्या राज्याच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्याचं कलम २३ पुरेशा कारणाशिवाय पात्र माणसाला सभासदत्व नाकारू नका असं सांगतं. पण २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, सभासदत्व फक्त आपल्या समाजापुरतं ठेवणारी उपविधी वैध धरली. कायदा बदलायला हवा आणि त्यासाठी मी आग्रह धरत राहीन, पण त्याची वाट बघत बसायचं कारण नाही. कारण भेदभाव होतो तो बहुतेक वेळा फोनवर, बंद दाराच्या बाहेर, साक्षीदार नसताना. रविवारी चार तास घर सगळ्यांना खुलं आहे असं पाटीवर लिहिलं, दहा माणसं आत फिरत असली, तर अकराव्याला दारात "बुकिंग झालंय" म्हणता येत नाही. म्हणायचंच असेल तर ते सगळ्यांसमोर म्हणावं लागतं. विकायला नकार देणारा मालक मग सौदा करताना तसं करेलही, पण त्याला ते तोंडावर, उघडपणे करावं लागेल. आणि माणसं समोरासमोर आली की पुष्कळदा नकार गळून पडतो, हेही मी पाहिलं आहे.

यावर हरकती आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. घरात तरुण मुली आहेत, दागिने आहेत, अनोळखी माणसं कशी येऊ द्यायची? म्हणूनच दिवस आणि तास ठरलेले असावेत. दाराशी नोंदवही, नाव आणि मोबाईल नंबर, एका वेळी दोनच कुटुंबं आत, मौल्यवान वस्तू कुलपात, आणि घरातली माणसं त्या वेळात नातेवाइकांकडे. आज त्याच कुटुंबाला दोन-तीन महिने, जेवायच्या वेळीसुद्धा, एजंटचे फोन येतात आणि दर संध्याकाळी कोणीतरी दार वाजवतं. घरात भाडेकरू असेल तर त्याची संमती आणि सोय आधी बघावी, हे वेगळं सांगायला नको.

किमतीबद्दलही शंका येते की गर्दी बघून मालक भाव वाढवेल. आज भाव कशाने वाढतो? "दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, उद्या टोकन देतंय" या एका वाक्याने. ते गिऱ्हाईक खरं आहे का, हे कुणालाच कळत नाही. दार उघडं असेल तर किती माणसं खरंच येतात ते घेणाऱ्यालाही दिसतं. ओल, पाणी, कागद सगळ्यांनी बघितले असतील तर भाव त्या घराच्या लायकीपाशी येतो, आणि चांगलं राखलेल्या घराला तो जास्तही मिळतो. तोही हक्काचाच पैसा आहे.

"आपल्यात असं नसतं" ही हरकत मला पटत नाही. वास्तुशांतीला आपण काय करतो? सत्यनारायण घालतो, गल्लीतल्या, ऑफिसातल्या, गावाकडच्या सगळ्यांना बोलावतो, आणि आलेला प्रत्येक जण किचनपासून संडासापर्यंत फिरून बघतो, नळ सोडतो, टाइल्सवर हात फिरवतो, पार्किंग विचारतो. नेमका त्याच दिवशी एखादा काका म्हणतो, "अरे, इथं ओल दिसतीय की." दार सगळ्यांना उघडण्याची रीत आपल्याकडे आहे, फक्त ती पैसे देऊन झाल्यावर येते. तीच माणसं विसाराच्या आधी आत फिरली असती तर घेणाऱ्याचं किती भलं झालं असतं!

पुण्यात नोकरी करणारी आपली मुलं शनिवारी हुतात्मा एक्स्प्रेसने येतात आणि रविवारच्या एका सकाळीत आई-वडिलांसाठी घर ठरवून परत जातात. काही जण व्हिडिओ कॉलवर ठरवतात. कॅमेऱ्यात हौदाचं झाकण येत नाही आणि शेजारच्या पिठाच्या गिरणीचा आवाजही नीट येत नाही. त्या घरात सत्तरीची माणसं राहणार असतात. ठरलेले, आधी जाहीर झालेले तास असतील तर अशी मुलं त्याप्रमाणे तिकीट काढतील, आणि आई-वडील आधीच एकदा जाऊन येतील.

सोलापूरला घराचा प्रश्न सगळ्यांचा मिळून प्रश्न मानण्याची सवय आहे. कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची वसाहत संघटित होऊन मिळवली गेली. त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी रे नगरची तीस हजार घरांची योजना आली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी त्यातल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण झालं. मग उरलेल्या बाजारात, जिथे मागावरचा कामगार, शिक्षक, रिक्षावाला, परिचारिका आपापलं घर शोधतात, तिथे प्रत्येकाने एकट्याने, एजंटच्या कानगोष्टींवर का चालावं? बिल्डरांच्या प्रदर्शनांत स्टॉलवर माहितीपत्रकं वाटली जातात. त्या दिवशी तिथून साइटवर जायला बस ठेवाव्यात, आणि दुपारीही ठेवाव्यात. एजंटांनी त्यांच्या जाहिरातीत भावाच्या शेजारी 'बघण्याची वेळ' छापावी. महापालिकेने नव्या इमारतीच्या दर्शनी भागात बांधकाम परवान्याचा आणि वापर परवान्याचा क्रमांक ठळक लावलेला आहे की नाही, ते बघत राहावं.

आमच्या सोसायटीतले दोन फ्लॅट विक्रीला आहेत. येत्या सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडणार आहे. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी नऊ ते अकरा आणि दुपारी दोन ते चार हे फ्लॅट कुणालाही पाहता येतील. हौद, गच्ची आणि बोअरची खोली त्या वेळात उघडी राहील. टेबलावर फ्लॅटचे कागद, सोसायटीच्या थकबाकीचं पत्र, टँकरचा वर्षाचा खर्च आणि मागच्या सभेचं इतिवृत्त असेल. दाराशी नोंदवहीत नाव आणि मोबाईल नंबर लिहायचा. जात, धर्म, काय खाता, लग्न झालंय का, यांतलं काही विचारायचं नाही, आणि कुणी विचारलं तर सोसायटीच्या सचिवांकडे तक्रार करता येईल. विकणाऱ्या दोन्ही कुटुंबांशी मी बोलले आहे, एक तयार आहे आणि दुसरं विचार करतंय.